झुडपी जंगल, फुटाळा आणि तुझं एलएल.एम.

ताई,

मी नागपुरात एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचं गाव शहरापासून तासाभरावर, औष्णिक वीज केंद्राजवळ. दोरीवरचे कपडे झटकूनच घालायचे, ही लहानपणापासूनची सवय, राखड बसते. बाबा त्याच केंद्रात एका कंत्राटदाराकडे सोळा वर्षांपासून आहेत. मला पर्यावरण कायद्यात एलएल.एम. करायचं आहे. आई म्हणते, न्यायाधीशाची परीक्षा दे. काका म्हणतात, ‘तू वकील होऊन राहिली का झाडं लावून राहिली? त्या केसा देते कोण, अन् पैसे देते कोण?’ बारावीपर्यंत मी मराठी शाळेत शिकले, इंग्रजी निकाल वाचताना दम लागतो. एलएल.एम. नागपुरातच करू की बाहेर? लगेच करू की थांबू? आणि ज्या केंद्रावर आमचं घर चाललं त्याच्याच विरुद्ध मी उद्या उभी राहू शकते का? खरं सांगायचं तर शिकत राहिले की घरी स्थळं बघणं थांबतं, हेही एक कारण आहे.

— एक वाचक, नागपूर जिल्हा

---

शेवटचं वाक्य लिहिलंस ते बरं केलंस. एलएल.एम.बद्दल विचारणाऱ्या मुलींच्या बऱ्याच पत्रांत ते वाक्य असतं, फक्त लिहिलेलं नसतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण मग हिशेब तरी नीट मांडू. स्थळं दोन वर्षं थांबवायला एलएल.एम.ची फी भरावी लागत नाही. वकिलीची सनद घेऊन रोज सकाळी कोर्टात गेलीस तरी तेच साधतं, वर महिन्याला थोडेफार पैसे घरी येतात. तेव्हा ते कारण सध्या बाजूला ठेवू.

आईचा प्रश्न लवकर सुटतो. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. म्हणजे आईचं ऐकायचं ठरवलंस तरी पदवी हातात पडल्या पडल्या ती परीक्षा नाही. आधी काळा कोट घालावाच लागेल. आईला हे शांतपणे सांग. भांडणातला एक मुद्दा कमी होईल.

आता काका. काकांना एकदा विचार, झुडपी जंगल म्हणजे काय. विदर्भात ज्यांच्या घरी थोडीफार जमीन आहे त्यांना हा शब्द माहीत असतो. जुन्या मध्य प्रांताच्या महसुली कागदांत मुरमाड, पडीक, खुरट्या झुडपांची जमीन ‘झुडपी जंगल’ म्हणून लिहिली गेली. गुरं चारायची, सरपण आणायचं, एवढाच तिचा उपयोग. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भातले जिल्हे इकडे आले आणि त्यांच्यासोबत हे कागदही जसेच्या तसे आले. १९८० मध्ये वन संवर्धन कायदा झाला. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ‘वन’ हा शब्द शब्दकोशातल्या अर्थाने घ्यायचा आणि सरकारी नोंदीत जे वन म्हणून लिहिलंय तेही वनच, मालक कोणीही असो. इकडे मधल्या काळात त्या झुडपी जागांवर घरं, शाळा, सरकारी इमारती उभ्या राहून जुन्याही झाल्या होत्या. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतली ८६ हजार ४०९ हेक्टर जमीन या वादात अडकली. २२ मे २०२५ रोजी निकाल लागला: झुडपी जंगल हे वनच. १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने जी जागा दिली असेल तिच्यासाठी राज्याने केंद्राकडे मंजुरी मागायची वाट ठेवली. ज्या खंडपीठाने हा निकाल दिला त्याचे प्रमुख, तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, अमरावतीचे आणि वकिली केली ती आपल्याच नागपूर खंडपीठात. झुडपी म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज पडली नसावी.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नागपूरच्या फुटाळा तलावाचा निकाल आला. संगीत कारंजं, प्रेक्षक गॅलरी वगैरे कामांवरून वाद होता. प्रश्न असा, की फुटाळा तलाव २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांत बसतो का. न्यायालय म्हणालं, बसत नाही. तो भोसल्यांच्या काळात माणसांनी बांधलेला तलाव आहे आणि नियमांतल्या व्याख्येने सिंचन, पिण्याचं पाणी अशा कामांसाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळले आहेत. मात्र सरकार हे अशा जागांचं विश्वस्त असतं, हे तत्त्व बांधलेल्या तलावालाही लागू आहे, असंही बजावलं.

म्हणजे एकाच वर्षात, आपल्याच भागात, झाडं नसलेली जमीन जंगल ठरली आणि पाण्याने भरलेला तलाव पाणथळ ठरला नाही. हसू नकोस. दोन्ही निकाल आपापल्या जागी कायद्याला धरून आहेत. काकांना वाटतं हा झाडं लावणाऱ्यांचा विषय आहे. खरं तर तो व्याख्या, नोंदी आणि तारखा वाचणाऱ्यांचा आहे. आणि त्या ८६ हजार हेक्टरांवर ज्यांची घरं आहेत, ज्यांचे प्लॉट आहेत, ज्या नगरपालिकांच्या शाळा आहेत, त्या सगळ्यांना आज वकील लागतो. केसा देते कोण, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

मला हे कळायला किती वर्षं लागली ते सांगते. सनद घेऊन दोनच वर्षं झाली होती. नाल्याकाठच्या एका गावातले लोक आले. विहिरींचं पाणी पिवळं झालं होतं, वास येत होता. मी तडक गावात गेले, बाटलीत पाणी भरलं, खासगी प्रयोगशाळेतून तपासून आणलं. अहवाल वाईट आला. मला वाटलं, जिंकलो. कोर्टात समोरच्या ज्येष्ठ वकिलांनी आवाजही न चढवता चार प्रश्न विचारले. नमुना कोणत्या तारखेला घेतला? कोणी घेतला? कोणासमोर? आणि बाटलीत आधी काय होतं? बाटलीत आदल्या दिवशी माझंच लिंबू सरबत होतं. पाणी कधीपासून बिघडलं, यावर मी याचिकेत लिहिलं होतं, ‘मागच्या पोळ्याच्या सुमारास’. गावकऱ्यांनी तसंच सांगितलं होतं आणि मीही विचार न करता तसंच उतरवलं होतं.

कोर्टात पुरावा म्हणून चालणारा नमुना कसा घ्यायचा हे १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ मध्ये लिहिलेलं आहे: प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने संबंधितांना नोटीस द्यायची, त्यांच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, सील करायचं, सह्या घ्यायच्या. मला ते कलम पाठ होतं. परीक्षेत त्याला मला चांगले गुण पडले होते. पण आपण भरलेली बाटली फक्त मंडळाला ‘या आणि नमुना घ्या’ असं म्हणण्यापुरती कामाची असते, हे कोणत्याच तासाला कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हा हरित लवाद, म्हणजे पर्यावरणाचे वाद ऐकणारं खास न्यायाधिकरण, नव्हता. आज ते प्रकरण लवादापुढे असतं तर पोळ्याने घोटाळा अजून मोठा केला असता. लवादाच्या २०१० च्या कायद्याच्या कलम १४ खाली वाद पहिल्यांदा उद्भवल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे, सबळ कारण असेल तर वर साठ दिवस. नुकसानभरपाईला कलम १५ खाली पाच वर्षं मिळतात. कोणत्या कलमाखाली जायचं ते तारखेवरून ठरतं आणि मुदत गेली की कितीही राखड उडो, दार बंद.

म्हणून तुझ्या मुख्य प्रश्नाचं माझं उत्तर: एलएल.एम. कर, पण लगेच नको. आधी सनद घे. नोंदणीसाठी सर्वसाधारण वर्गाकडून कायद्यात लिहिलेल्या ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. मग सिव्हिल लाइन्समध्ये अशा एखाद्या सीनियरकडे दोन वर्षं बस, ज्यांच्याकडे जमिनीची, वनांची किंवा महापालिकेची मॅटर्स येतात. ‘पर्यावरणाचे वकील’ अशी पाटी शोधत बसू नकोस, फार सापडणार नाहीत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. तिथे वाद कशावर झाला? तलावाची जबाबदारी कोणाची, बांधाची सुरक्षितता कोणी बघायची, सांडव्यापुढच्या बांधकामाला परवानगी कोणी दिली. हे महापालिका कायद्याचे, नगररचनेचे, पाटबंधाऱ्याचे प्रश्न आहेत. ते ज्याला येतात तोच पुढे पर्यावरणाचा वकील होतो.

दोन वर्षांनी जेव्हा तू एलएल.एम.च्या वर्गात बसशील तेव्हा तुझ्या वहीत एक प्रश्न असेल आणि प्रबंध त्यावरच होईल. स्टॉकहोम १९७२, रिओ १९९२, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आलेली कलमं ४८-अ आणि ५१-अ (ग), ओलियम वायुगळतीच्या खटल्यातून निघालेलं पूर्ण दायित्वाचं तत्त्व, १९९६ च्या वेल्लोर निकालातलं ‘प्रदूषण करणाऱ्याने भरावं’: हे सगळं तिथे शिकवतील आणि चांगलं शिकवतील. पण प्रश्न घेऊन गेलेल्या मुलीला ते हत्यारासारखं वापरता येतं. एक अपवाद सांगून ठेवते. तुला प्राध्यापकच व्हायचं असेल, कोर्टाची ओढच नसेल, तर माझा सल्ला उलटा कर: आत्ताच एलएल.एम., मग नेट.

नागपुरात की बाहेर? वारंग्याच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठात एक वर्षाचं एलएल.एम. आहे, प्रवेश क्लॅट पीजीतून. ती परीक्षा साधारण डिसेंबरात असते, १२० प्रश्न, दोन तास, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. अभ्यासक्रमात पर्यावरण कायदाही आहे. आपल्या तुकडोजी महाराज विद्यापीठाचं एलएल.एम. दोन वर्षांचं. बाहेर जायची ऐपत आणि इच्छा असेल तर बेंगळुरू आहे, दिल्ली आहे. कुठेही जा, पण माहितीपुस्तकातली वैकल्पिक विषयांची यादी बघून भुलू नकोस. विद्यार्थी कमी पडले की छापलेला विषय त्या वर्षी चालतच नाही. गेल्या वर्षीच्या दोन विद्यार्थ्यांना गाठ आणि विचार: पर्यावरणाचे किती पेपर प्रत्यक्ष झाले, कोणी शिकवले, प्रबंधाला मार्गदर्शक कोण मिळाले. माझं स्वतःचं मत नागपूरकडे झुकतं, आणि त्यात घराच्या मायेचा भाग थोडा आहे हे कबूल करते. पण बघ ना, उच्च न्यायालयाचं खंडपीठ इथे, नीरी ही पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था इथे, कोळसा, वीज केंद्रं, बुटीबोरीची एमआयडीसी, पेंचचा वाघ, सगळं तासा-दीड तासाच्या आत. पेंचमधून जाणाऱ्या महामार्गाच्या रुंदीकरणावरून याच खंडपीठात लढा झाला, तेव्हा कुठे मनसर ते खवासा टप्प्यात प्राण्यांसाठी नऊ मार्ग ठेवले गेले; त्यातला सर्वांत लांब साडेसातशे मीटरचा. रविवारी गाडी काढून तो पूल बघून येता येतं. हरित लवादाचं पश्चिम खंडपीठ मात्र पुण्यात, हे आपलं दुखणं. पण आता तिथलं बरंच काम व्हिडिओवरून चालतं.

इंग्रजीचं म्हणतेस, तर रतलामपासून सुरुवात कर. १९८० चा निकाल, न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांचा. नगरपालिकेने गटारं बांधली नाहीत, ‘पैसे नाहीत’ म्हणाली, आणि न्यायालयाने ती सबब ऐकली नाही. ज्या कलमाच्या जोरावर हे झालं ते जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १५२. अय्यरांची इंग्रजी अवघड आहे, उगाच खोटं सांगत नाही, पण गोष्ट गटाराची आहे, म्हणून पुढे वाचत राहशील. आठवड्याला एक निकाल, मोठ्याने. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर बऱ्याच निकालांची मराठी भाषांतरंही आहेत. आधी ते वाच, मग मूळ.

आणि मराठीची लाज तर अजिबात नको. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी होते तेव्हा पर्यावरण आघात अहवालाचा सारांश लोकांच्या भाषेत द्यावा लागतो, निदान तीस दिवसांची सूचना द्यावी लागते. त्या मंडपात कोण काय बोललं, इतिवृत्तात त्यातलं काय उतरलं आणि काय गळालं, हे पकडायला मराठीच लागते. सात-बारावरची जुनी फेरफार नोंद, तलाठ्याचं अक्षर, ‘निस्तार’ म्हणजे काय, हे दिल्लीहून एलएल.एम. करून आलेल्याला कोणाला तरी विचारावं लागेल. तुला विचारेल. त्याची फी घे.

पैशाबद्दल काका पूर्ण चूक नाहीत. जनहित याचिकेवर घर चालत नाही. माझं कधीच चाललं नाही. ते चाललं जमिनीच्या दाव्यांवर आणि दोन कारखान्यांच्या संमतीपत्रांच्या कामावर. हो, कारखान्यांच्या. प्रदूषण मंडळाची संमती कशी घ्यायची, नूतनीकरण कधी करायचं, अटी कशा पाळायच्या हे सांगायलाही वकील लागतो, आणि तो प्रामाणिक असला तर नाल्यात जाणारं पाणी प्रत्यक्षात कमी होतं. देशातल्या पहिल्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना सेबीने पर्यावरण-जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केल्यापासून त्या कामालाही माणसं लागतात. तिकडे गेलीस तर मी तुला फितूर म्हणणार नाही. एकाच प्रकरणात दोन्हीकडे हात घालू नकोस म्हणजे झालं.

तुझा सगळ्यात अवघड प्रश्न बाबांचा. माझं मत स्पष्ट आहे: त्या केंद्राविरुद्धचा खटला तू लढवू नकोस. हे घाबरून सांगत नाही. बाबा कंत्राटी आहेत. त्यांना काढायला फार वेळ लागत नाही. आणि तू वकील म्हणून उभी राहिलीस की समोरचा पहिल्याच दिवशी विचारेल, हिचा इथे काय संबंध? त्यात गावाचं नुकसान होईल. तो खटला तुझ्या ओळखीतल्या दुसऱ्या कोणी चालवावा. तू जे करू शकतेस ते वेगळं आहे आणि कमी नाही. राखेवरची पहिली अधिसूचना १४ सप्टेंबर १९९९ ची. आत्ता लागू आहे ती ३१ डिसेंबर २०२१ ची: ठरलेल्या वर्षांच्या चक्रात सगळी राख वापरली गेली पाहिजे, नाहीतर न वापरलेल्या प्रत्येक टनामागे एक हजार रुपये भरपाई, जुन्या साठलेल्या राखेला दहा वर्षं. आता बघ, हे पैसे जातात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. ज्या गावाच्या दोरीवरचे कपडे झटकावे लागतात त्या गावापर्यंत ते यायला कायद्यात वाट आहे का? नसेल तर कशी करता येईल? हा तुझा प्रबंध. कोणत्याही एका केंद्राचं नाव न घेता, राज्यातल्या पाच-सहा केंद्रांचे कागद माहिती अधिकारातून मागवून लिहिता येतो. अर्जाला दहा रुपये, उत्तराला तीस दिवस.

बाबांना यातलं काही सांगू की नको, असा प्रश्न तू विचारला नाहीस, पण तो पत्रात आहेच. सांग. रात्रीच्या जेवणानंतर बस आणि विचार, राखेच्या बंधाऱ्यावरून पावसाळ्यात वाहणारं पाणी कोणत्या नाल्याला मिळतं, टँकर कधी फिरतो, कधी फिरत नाही. यातलं काही कुठे वापरायचं नाही, हा शब्द आधी दे आणि पाळ. सोळा वर्षं त्यांनी ते रोज पाहिलंय, आणि माझा अंदाज आहे की आजवर त्यांना ते कोणी विचारलेलं नाही. ते बोलायला लागले की वही काढ. ‘पोळ्याच्या सुमारास’ म्हणाले तर कोणत्या वर्षीचा पोळा ते विचार, आणि पानावर आजची तारीख घाल.